सामाजिक नवोपक्रम आणि तंत्रज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलायला बसलं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, काही संशयाने, आणि काही ‘हे सगळं बोलायला ठीक आहे हो’ अशा सुरात. तिन्ही प्रकारचे इथे घेतले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही.

सामाजिक नवोपक्रम म्हणजे नेमकं काय? समाजसेवेचंच हे नवं नाव आहे का?

दोन्हींत फरक आहे. समाजसेवा गरजूपर्यंत मदत पोहोचवते. नवोपक्रम ज्या व्यवस्थेमुळे ती गरज निर्माण झाली, ती व्यवस्थाच वेगळ्या तऱ्हेने लावून बघतो.

इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे १८४४ साली २८ कष्टकऱ्यांनी, त्यात बरेचसे विणकर, एक छोटं दुकान काढलं. भेसळीचं पीठ आणि उधारीचा फास यांनी ते गांजले होते. दुकान काढणं ही काही नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते नियम. कुणाचं भांडवल कितीही असो, मत एकच. नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. माल चोख, माप चोख. जगभरची सहकारी चळवळ पुढे याच नियमांच्या आधाराने वाढली. त्या मंडळींकडे यंत्र म्हणावं असं काही नव्हतं. हिशेबाची वही होती आणि ठरावांची वही होती.

मालकी, मत, माहिती आणि जबाबदारी यांपैकी निदान एक गोष्ट ज्याच्यामुळे नव्या हातांत जाते तो सामाजिक नवोपक्रम, अशी माझी कामचलाऊ व्याख्या आहे. विद्यापीठांत यावर जाडजूड प्रबंध आहेत. कामाला एवढी पुरते.

मग यात तंत्रज्ञान कुठे येतं?

याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उत्तर मीठ-साखर-पाण्यात आहे.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून ते ड्रमांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते रुग्णाला पाजत राहायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. ग्लुकोजच्या सोबतीने आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे प्रयोगशाळांना साठच्या दशकातच कळलं होतं. पण उपचार नातेवाइकांच्या हाती सोपवायला डॉक्टरी मन तयार नव्हतं. छावणीत दुसरा इलाजच उरला नाही, म्हणून ते झालं.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. १९८० पासून दशकभर बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन हे द्रावण शिकवत होत्या. तयार पाकीट प्रत्येक गावात मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून कृती घरातल्या वस्तूंची होती: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत त्या पोहोचल्या. शिकवणारीचा मेहनताना किती घरं झाली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरंच कुणीतरी जाऊन काही निवडक घरांतल्या आयांना प्रश्न विचारी, आणि त्यांच्या लक्षात किती राहिलं यावर पैसे मिळत.

एवढं करूनही सुरुवातीला गाडी अडली. आयांना कृती तोंडपाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर ती करणाऱ्या फारच थोड्या होत्या. शोध घेतल्यावर कळलं की खुद्द शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी विचारातच घेतलं नव्हतं. मग कार्यकर्त्यांना द्रावण काम कसं करतं हे नीट समजावण्यात आलं, बाजारात आणि मशिदींत पुरुषांशी बोलणं सुरू झालं, आणि वापर वाढला.

शोध प्रयोगशाळेचा होता. मुलाच्या ओठापर्यंत तो पोहोचला तो मेहनताना देण्याच्या पद्धतीमुळे, तपासणीमुळे आणि विश्वास कुठे तुटतोय हे शोधण्याच्या चिकाटीमुळे. एकाला तंत्रज्ञान म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘अंमलबजावणी’ म्हणून तळटीपेत ढकलायचं, ही सवय आधी सोडायला हवी.

साधन अद्ययावतच हवं का? ॲप, सेन्सर वगैरे?

अजिबात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे एक अडचण होती. लहान बाळाला न्यूमोनिया झालाय का हे श्वासांच्या वेगावरून ओळखता येतं, पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसे. उपाय म्हणून मण्यांची एक पाटी तयार झाली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर श्वास जास्त जोरात चाललाय. झालं निदान.

यात बॅटरी नाही, भाषा निवडायचा पर्याय नाही, अपडेट नाही. आणि निदान करण्याचा अधिकार दवाखान्यातून गावातल्या बाईच्या हातात आला, हा त्यातला खरा बदल. स्मार्टफोनवरच्या कितीतरी आरोग्य-ॲपमध्ये नेमका तोच झालेला नसतो. तिथे गावातली बाई माहिती भरते आणि निर्णय वरच घेतला जातो.

लोक एखादी गोष्ट वापरतील की नाही, हे आधी ओळखता येतं का?

पूर्णपणे नाही. पण लोक आत्ता काय जुगाड करतायत ते पाहिलं तर बराच अंदाज येतो. केनियातल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेची सुरुवात लघुकर्जाचे हप्ते मोबाइलवरून फेडता यावेत म्हणून झालेल्या चाचणीतून झाली. चाचणीतल्या लोकांनी हप्त्यांपेक्षा एकमेकांना पैसे पाठवायलाच ती सोय वापरायला घेतली. तिथे आधीपासूनच लोक एकमेकांना मोबाइलचा टॉकटाइम पैशासारखा पाठवत होते, त्यामुळे खरं तर यात नवल नव्हतं. कंपनीने शहाणपणा दाखवला. मार्च २००७ मध्ये सेवा सर्वांसाठी सुरू झाली, ती ‘घरी पैसे पाठवा’ असं सांगत. हप्त्यांची मूळ कल्पना बाजूला पडली.

दुसरी गोष्ट म्हणजे एजंटांचं जाळं. संदेश क्षणात जातो, पण नोटा हातात देणारा माणूस जवळपास लागतोच. ते जाळं विणणं, एजंटकडे रोकड संपणार नाही हे पाहणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं, हे कष्टाचं काम होतं. त्यावर कुणी भाषणं देत नाही.

मग भरपूर पैसा मिळूनही उपक्रम का फसतात?

बहुतेकदा कारण असं असतं की वस्तू देणाऱ्याला आवडलेली असते.

आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चं उदाहरण घ्या. शाळेच्या मैदानात गोल फिरणारी चक्री. मुलं खेळतील, चक्री फिरेल, जमिनीतलं पाणी उंच टाकीत चढेल आणि टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघेल. ऐकताच कुणीही खिशात हात घालावा अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेचं सरकार आणि काही प्रतिष्ठानं यांनी मिळून १.६४ कोटी डॉलर जाहीर केले. चार हजार पंप बसवायचे ठरले. मग ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने २००९ मध्ये साधा हिशेब मांडला: सांगितलेल्या संख्येला पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाला सुमारे २७ तास खेळावं लागेल. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी बायकाच ती चक्री ढकलत होत्या, आणि आधीचा हातपंप त्यांना यापेक्षा बरा वाटत होता. जाहिराती सगळीकडे मिळाल्या नाहीत. बिघाड झाला की दुरुस्तीला माणूस येत नव्हता. हातपंपापेक्षा हे यंत्र कितीतरी महाग होतं ते वेगळंच. या सगळ्यात एक प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा होता: पाणी भरणारी बाई कोण, आणि तिला काय हवंय?

‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही मोहीम २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा करत आली. प्रत्यक्ष किंमत दोनशेच्या जवळ गेली. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रं घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१९ शाळा तपासल्या, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. शिक्षकांची तयारी, वर्गात यंत्राचं काय करायचं, याचा विचार मागेच राहिला होता. यंत्र वाटणं सोपं असतं, त्याचा फोटोही चांगला येतो.

सामान्य लोकांना निर्णयात खरंच सामील करून घेता येतं का? ऑनलाइन तर नुसती भांडणंच होतात.

भांडणं होतात कारण बहुतेक ठिकाणी भांडणाला वाव देणारी रचना असते. रचना बदलली की वागणूक बदलते, याचा एक चांगला नमुना तैवानमध्ये २०१५ साली दिसला. उबरला परवानगी द्यायची की नाही यावर तिथे वाद पेटला होता. तेव्हा ‘पोल-डॉट-इस’ हे साधन वापरलं गेलं. त्यात तुम्ही एक छोटं विधान लिहायचं. इतरांनी त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच म्हणायचं. उत्तर देण्याची सोयच नाही. साहजिकच कुणाला टोमणा मारता येत नाही, की कुणाच्या मागे हात धुऊन लागता येत नाही. मतांच्या सारखेपणावरून संगणक लोकांचे गट नकाशावर मांडतो, आणि सगळ्या गटांना पटणारी विधानं ठळक होतात. दोन तट पडले होतेच. पण प्रवाशांचा विमा हवा, चालकाची नोंदणी हवी, कर भरला जावा, यावर दोन्ही तटांचं जमलं. त्यातले मुद्दे पुढे नियमांत आले.

आयर्लंडने निराळा रस्ता घेतला. २०१६ मध्ये ९९ नागरिक यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि एका न्यायाधीशांना अध्यक्ष नेमलं. या सभेने गर्भपातासारख्या विषयावर कित्येक शनिवार-रविवार तज्ज्ञांना ऐकलं, प्रश्न विचारले, चर्चा केली. त्यांच्या शिफारशी संसदेपुढे गेल्या आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनादुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. राजकीय पक्ष ज्याला हात लावायला कचरत होते, तो विषय चिठ्ठ्या टाकून निवडावी तशा निवडलेल्या माणसांनी हाताळला. यात तंत्रज्ञान जवळजवळ नाहीच. चर्चेचं थेट प्रक्षेपण होत होतं, इतकंच.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून शहराच्या अंदाजपत्रकाचा काही भाग वस्तीसभांत ठरू लागला. ती पद्धत जगातल्या हजारो गावा-शहरांत गेली. पण खुद्द पोर्तो अलेग्रेत राजकीय पाठबळ आटल्यावर ती क्षीण होत गेली, हेही सांगायला हवं. तैवानमध्येसुद्धा ऑनलाइन चर्चेचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हताच. सहभागाचं कुठलंही साधन दाखवायला कुणी आलं की मी एकच विचारतो: लोकांनी सांगितल्यावर त्याचं पुढे काय करणार, आणि ते आधीच लिहून देणार का? उत्तर गुळमुळीत असेल तर ती सूचनापेटी आहे, फक्त कुलूप डिजिटल आहे.

माहिती पोर्टलवर टाकली की भ्रष्टाचार कमी होतो का?

माहिती टाकणं आणि ती लोकांना वाचता येणं यांत अंतर आहे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. मंडप, माइक, गावकरी. सरकारी कामांच्या हजेरीपटातली नावं मोठ्याने वाचली जायची. गर्दीतून कुणी तरी उठायचं: हा माणूस तर कधीच वारला, हा गावातच नव्हता, आणि ही भिंत बांधलीच कुठे? कागद जुनेच होते. ज्यांना खरं-खोटं ठाऊक होतं त्यांच्यापुढे ते वाचले गेले, एवढाच बदल. माहितीच्या अधिकाराची मागणी याच मंडपांतून जोर धरत गेली आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला.

आता शेकडो पानांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ संकेतस्थळावर चढवून ‘आम्ही पारदर्शक आहोत’ म्हणणारे आहेत. त्यात शोधताही येत नाही. उलट राजस्थानात २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल तयार झालं, ते चळवळीतल्या लोकांना सोबत घेऊन. कुणाला काय विचारायचं असतं हे त्यांना माहीत होतं.

सरकारी सेवा पूर्ण ऑनलाइन केल्या की नागरिकांचं काम सोपं होणारच ना?

दोन देश शेजारी ठेवून पाहा.

एस्टोनियाने २००१ मध्ये ‘एक्स-रोड’ ही सरकारी खात्यांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीची यंत्रणा उभारली आणि २००२ पासून डिजिटल ओळखपत्रं द्यायला घेतली. सगळी माहिती एका कोठारात न भरता ती ज्या त्या खात्याकडेच राहते, आणि गरज पडेल तेव्हा एक खातं दुसऱ्याकडे मागतं. सरकारला एकदा दिलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, हे तत्त्व. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट: आपली माहिती कुणी उघडून पाहिली हे नागरिकाला पाहता येतं, आणि कारण नसताना डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. अडचणी तिथेही आल्या. २०१७ मध्ये साडेसात लाखांच्या आसपास कार्डांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष निघाला. सरकारने तो लपवला नाही, जाहीर करून कार्डं दुरुस्त केली.

ऑस्ट्रेलियात मात्र ‘रोबोडेट’ घडलं. सामाजिक सुरक्षेचे भत्ते घेणाऱ्यांनी जास्त पैसे उचलले का, हे तपासायचं काम संगणकाला दिलं गेलं. पद्धत अशी: प्राप्तिकर खात्याकडून वर्षाचं उत्पन्न घ्यायचं आणि ते २६ पंधरवड्यांत समान वाटायचं. समजा एकाने सहा महिने नोकरी करून २६ हजार डॉलर कमावले, मग नोकरी गेली आणि पुढचे सहा महिने त्याने भत्ता घेतला. त्याने काहीही लपवलेलं नाही. पण सरासरी काढल्यावर दर पंधरवड्याला हजार डॉलर दिसतात, म्हणजे बेकारीच्या काळातही तो कमावत होता! त्याच्या दारात थकबाकीची नोटीस. आता निर्दोष असल्याचा पुरावा त्यानेच आणायचा, वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांसह. २०१९ मध्ये सरकारला न्यायालयात ही पद्धत बेकायदा असल्याचं मान्य करावं लागलं. सुमारे ४ लाख ७० हजार मागण्या रद्द करून पैसे परत करायचं २०२० मध्ये ठरलं, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

गणित शाळकरी पोराला कळेल इतकं चुकीचं होतं. पूर्वी अशी विसंगती दिसली की अधिकारी फोन करून विचारपूस करायचा. ती पायरी काढून टाकली होती. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

व्यवस्थेला नागरिकावर संशय असेल तर संगणक तो संशय लाखपटीने वाढवतो. विश्वास असेल तर तोही वाढवतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुमचं मत काय?

जिथे चूक झाली तर ती लगेच दिसते आणि दुरुस्त करता येते, तिथे बिनधास्त वापरावी. मजकूर वाचून दाखवणं, भाषांतराचा कच्चा खर्डा, हजारो तक्रारींची विषयवार विभागणी. अंध व्यक्तीने फोनचा कॅमेरा डब्यावर धरला आणि आत काय आहे हे कळलं, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

जिथे चुकीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो, तिथे हात आखडता घ्यावा. २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणालींची चाचणी झाली, तेव्हा गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याहून कमी होती, आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ती ३४ टक्क्यांच्या पुढे गेली. ‘एकूण अचूकता’ हा आकडा अशा वेळी काहीच सांगत नाही. कुणासाठी किती अचूक, हे विचारावं लागतं. आणि निर्णय पटला नाही तर दाद मागायला हाडामांसाचा माणूस आहे का, हेही.

ज्यांच्याकडे इंटरनेटच नाही त्यांचं काय?

२०२४ मध्ये जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटच्या बाहेर होते. ज्यांच्याकडे आहे त्यांतही फोन घरातल्या एकाचाच, वाचता न येणं, डेटा संपणं हे आहेच. म्हणून कार्यालयातली खिडकी बंद करू नका. ऑनलाइन सोय ही जादा वाट असावी. अनेकदा तिचा फायदा असा होतो की ज्यांना जमतं ते घरबसल्या काम उरकतात आणि खिडकीवरच्या माणसाला उरलेल्यांसाठी वेळ मिळतो. हा फायदा मिळायच्या आतच खिडकी बंद करण्याची घाई का होते, हे मला अजून उमगलेलं नाही. खरं तर उमगलेलं आहे: पगार वाचतो.

या सगळ्यात माणसांचं काम जाणार नाही का?

कुणाचं काम वाचवायचं हे ठरवून साधनं बनवली तर वेगळं चित्र दिसतं. नेदरलँड्समधल्या ‘बुर्टझॉर्ग’ या घरपोच शुश्रूषा संस्थेत परिचारिकांचे जास्तीत जास्त बारा जणींचे गट असतात. त्यांच्यावर व्यवस्थापक नाही. वेळापत्रक, नवी भरती, कुणाकडे कुणी जायचं हे त्या आपसांत ठरवतात. २००६ मध्ये परिचारक योस द ब्लोक यांनी सुरू केलेल्या या संस्थेत पुढे दहा हजारांच्या आसपास परिचारिका झाल्या आणि मुख्य कार्यालयात मात्र काही डझन माणसं. हे जमलं ते हिशेब आणि नोंदींची कटकट उचलणाऱ्या संगणकप्रणालीमुळे. त्याआधी या क्षेत्रात संगणक वेगळ्याच कामाला जुंपला होता: मिनिटामिनिटाची नोंद ठेवून परिचारिकेवर पाळत ठेवायला.

परिणाम मोजायचा कसा? सगळेच ‘लाखो आयुष्यं बदलली’ म्हणतात.

किती लोकांना वाटप झालं, किती जणांनी डाउनलोड केलं, हे आकडे बाजूला ठेवा. उपक्रम नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न धरा. लघुकर्जाचं उदाहरण बोलकं आहे. गरिबांना छोटी कर्जं देणारे बांगलादेशातले मुहम्मद युनूस आणि त्यांची ग्रामीण बँक यांना २००६ चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा लघुकर्ज म्हणजे गरिबीवरचा रामबाण उपाय अशी हवा होती. २०१५ मध्ये सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. काही जणांना धंदा वाढवायला, अडीनडीला पैसे सांभाळायला उपयोग झाला, पण सरासरी उत्पन्नात मोठी उडी कुठेच दिसली नाही. म्हणजे लघुकर्ज वाईट ठरलं असं नाही. ते जेवढं आहे तेवढं दिसलं. मोजमापाने एवढं केलं तरी पुष्कळ.

छोटा उपक्रम मोठा होताना काय बिघडतं?

मूळ ठिकाणची माणसं सोबत जात नाहीत. गडचिरोलीत ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात यायला २०११ उजाडलं. मधली बारा वर्षं इतरत्र करून पाहण्यात, सरकारला पटवण्यात आणि प्रशिक्षणाची रीत बसवण्यात गेली. आराखडा कागदावरून कुठेही पाठवता येतो. प्रशिक्षण आणि देखरेख तितक्याच कसून करायला मात्र दर ठिकाणी नव्याने माणूस घडवावा लागतो, आणि अंदाजपत्रकात कात्री नेमकी तिथेच लागते.

मी तंत्रज्ञ नाही. माझा काय उपयोग?

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानीचा धड नकाशा मदतपथकांकडे नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून आखायच्या खुल्या नकाशाच्या शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहाच्या चित्रांवरून रस्ते, इमारती, छावण्या आखल्या. बहुतेकांनी हैती कधी पाहिलंही नव्हतं. नकाशा आखायला शिकायला एक संध्याकाळ पुरते. मात्र घराघरांची, माणसांची माहिती गोळा करायची वेळ आली तर हात आवरा. संकटात सापडलेल्या माणसाचा ठावठिकाणा उघड करणं त्याच्याच जिवावर बेतू शकतं.

आमच्या गटाला ‘एक ॲप करून घेऊ’ असं वाटतंय. कुठून सुरुवात करावी?

ॲपशिवाय करून बघा. ज्या कामासाठी ते हवंय ते काम दोन-तीन महिने वही, फोन आणि एखाद्या सामाईक तक्त्यावर चालवा. काय सारखं अडतं, कुणाला कंटाळा येतो, कुठली माहिती लिहून ठेवली पण कुणीच वाचली नाही, हे कळेल. निम्म्या वेळा लक्षात येतं की अडचण मंगळवारच्या बैठकीला ठरावीक माणूस न येण्यात होती. तरीही साधन लागलंच, तर आधी तयार मुक्त स्रोत प्रणाली, म्हणजे जिचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो अशी, शोधा. नवं बनवायला दिलंत तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: माहितीची मालकी तुमची, ती सगळी कधीही उचलून दुसरीकडे नेता येईल, आणि बनवणारा निघून गेल्यावर दुरुस्ती कोण करणार त्याचं नाव. तिसऱ्या ओळीशी बनवणारे थबकतात. तिथे नाव येईपर्यंत सही करू नका.